सोनेगावच्या आभाळातील पांढऱ्या रेघा

(द्वितीय वर्ष, कला)

आमचे शेत बुटीबोरीच्या अलीकडे, वर्धा रोडपासून थोडे आत आहे. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरणारी विमाने पुष्कळदा आमच्या तुरीवरूनच जातात. ती इतकी खाली आलेली असतात की पोटातून निघालेली चाके स्पष्ट दिसतात. लहानपणी आम्ही भावंडे त्यांना हात करीत असू. त्याच आभाळात, पण फार फार उंचावरून, दुसरी विमाने जात. ती माशीएवढी दिसत, त्यांचा आवाज मागून येई, आणि त्यांच्यामागे खडूने ओढावी तशी पांढरी रेघ उमटे. जवळून जाणाऱ्या विमानाला रेघ नाही आणि दूरच्याला मात्र आहे, ही गोष्ट लहानपणापासून डोळ्यांसमोर असूनही तिच्याविषयी आपण कधी विचार केला नाही, हे मला गेल्या वर्षीच्या जुलैमध्ये कळले.

त्या वर्षी मृगात आमच्याकडे पेरणी झाली आणि नंतर पावसाने दडी मारली. पऱ्हाटी दोन पानांवर येऊन थांबली. दुबार पेरणीसाठी बियाण्याच्या पिशव्या आणायच्या कशाने, हा प्रश्न घरोघरी होता. सायंकाळी पारावर माणसे बसली की बोलणे आभाळावरच येई. अशाच एका संध्याकाळी कोणीतरी मोबाइलवर आलेला निरोप वाचून दाखविला. विमाने वरून औषध फवारतात आणि त्यामुळे ढग फुटून पाऊस पळून जातो, असा त्याचा मथितार्थ. नेमक्या त्याच वेळी मावळतीकडे दोन रेघा सोनेरी होऊन चमकत होत्या. सगळ्यांनी वर पाहिले. माझे बाबा सहसा अशा बोलण्यात पडत नाहीत, पण त्या दिवशी तेही म्हणाले, "रेघा दिसल्या का पाणी जाते, हे म्या पण पायलं आहे." आणि मग माझ्याकडे वळून, "तू कालेजात शिकते, मंग सांग नं, काय असते ते?"

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे मला काही ठाऊक नाही असे म्हणणे मला जमेना. मी म्हणाले, "धूर आहे तो, दुसरं काही नाही." बाबांनी क्षणभर विचार केला आणि विचारले, "मंग आपल्या वावरावरून जाते त्या विमानाले धूर नाही का?"

ह्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पारावरची माणसे हसली नाहीत, ही त्यांची भलाई. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी. भौतिकशास्त्राशी माझा संबंध दहावीला संपला. तरीही द्वितीय वर्षाला हवामानशास्त्राचा अभ्यास सुरू झाल्यावर ह्या रेघा समजण्याइतके ज्ञान आपल्या पाठ्यक्रमातच आहे, असे माझ्या ध्यानात आले.

आमच्या भूगोलाच्या सरांना मी हा प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी उत्तर दिले नाही. उलट विचारले, "पौषात पहाटे शेतात गेलीस तर बैलाच्या नाकासमोर काय दिसते?" वाफ दिसते. बैल विडी ओढत नाही. त्याच्या श्वासातले न दिसणारे बाष्प गार हवेत शिरताच त्याचे बारीक थेंब होतात आणि ते आपल्याला पांढरे दिसतात. वैशाखात तोच बैल तसाच श्वास सोडतो, पण काही दिसत नाही. विमानामागची रेघ ही ह्याच जातीची आहे. ती धूर नव्हे, तो ढग आहे. माणसाने केलेला, लांबट आकाराचा, बर्फकणांचा ढग.

येथे एक शंका येते. इंजिनातून निघणारा वायू तर अतिशय गरम असतो, आणि गरम हवेत पुष्कळ बाष्प मावते. बाहेरची हवा कोरडी असली तर तिच्यातही आणखी बाष्पाला जागा असते. मग दोन्ही एकत्र आल्यावर पाणी सुटावे कसे? मला ही गोष्ट पुष्कळ दिवस उलगडत नव्हती. शेवटी पुस्तकातल्या एका कोष्टकावरून मी स्वतः हिशेब मांडला, तो देते. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३०.४ ग्रॅम बाष्प मावते. ० अंशाला सुमारे ४.८ ग्रॅम. आता दोन्ही हवा ८० टक्केच भरलेल्या आहेत असे धरू, म्हणजे एकीत २४.३ ग्रॅम आणि दुसरीत ३.८ ग्रॅम. दोन्ही सारख्या प्रमाणात मिसळल्या तर मिश्रणाचे तापमान १५ अंशांच्या आसपास येईल आणि दर घनमीटरमागे बाष्प १४ ग्रॅम होईल. पण १५ अंशांच्या हवेत मावते फक्त १२.८ ग्रॅम! दोन्ही भांडी अपुरी भरलेली, तरी एकत्र ओतल्यावर पाणी काठावरून सांडते. कारण हवेची बाष्पधारण क्षमता तापमानाबरोबर सरळ हिशेबाने वाढत नाही. ती वर जाताना झपाट्याने वाढते आणि खाली येताना झपाट्याने कोसळते. हे एकदा पटले की विमानाच्या रेघेतले निम्मे रहस्य संपते.

हे बाष्प येते कोठून, तर इंधनातूनच. विमानाचे इंधन म्हणजे शुद्ध केलेले रॉकेल. त्यातील हायड्रोजन जळताना हवेतील प्राणवायूशी संयोग पावतो आणि पाणी तयार होते. एक किलो इंधन जळले की सुमारे सव्वा किलो पाणी बाष्परूपाने बाहेर पडते. जळणाऱ्या वस्तूहून तिच्यातून निघालेले पाणी वजनाला जास्त, हे वाचून मला प्रथम छपाईची चूक वाटली. परंतु प्राणवायूचे वजन हवेतून आलेले असते, हे लक्षात घेतले म्हणजे आश्चर्य राहत नाही. धुराचा अंश अगदीच नसतो असेही नाही. इंजिनातून काजळीचे अतिसूक्ष्म कण निघतात आणि त्यांच्यावरच प्रथम पाण्याचे थेंब धरतात, व ते तत्काळ गोठतात. म्हणजे मी पारावर दिलेले उत्तर सर्वस्वी खोटे नव्हते, असे मनाचे समाधान करून घेता येईल. पण ते करू नये. काजळी हे निमित्त, रेघ पाण्याची.

आता बाबांचा प्रश्न. खालच्या विमानाला रेघ का नाही? इंजिन तेच, इंधन तेच, पाणीही तेच. फरक आहे तो भोवतालच्या हवेचा. बैलाच्या श्वासाला पौषातला गारठा पुरतो, पण विमानातून निघणारा झोत इतका तप्त असतो आणि इतक्या वेगाने पांगतो की त्याच्या मानाने भोवतालची हवा फारच गार असावी लागते. ही मर्यादा उंचीप्रमाणे आणि ओलाव्याप्रमाणे थोडी मागेपुढे सरकते. पण नेहमीच्या उड्डाणाच्या उंचीवर ती साधारण उणे ४० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली येते, असे समजावयास हरकत नाही. जर्मनीत एर्न्स्ट श्मिट ह्यांनी १९४१ मध्ये आणि अमेरिकेत हर्बर्ट ॲपलमन ह्यांनी १९५३ मध्ये हा नियम गणिताने मांडला. तो आजही त्या दोघांच्या नावाने ओळखला जातो. युद्धकाळात ह्या प्रश्नाला फार महत्त्व होते. उंचावरून जाणाऱ्या बॉम्बफेकी विमानांच्या मागे अशी रेघ उमटली म्हणजे जमिनीवरच्या शत्रूला आपला मार्ग आपणच दाखविल्यासारखे होई.

तपांबरात दर किलोमीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, हे आपण प्रथम वर्षालाच शिकलो आहोत. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच. खाली ३० अंश तापमान असलेल्या दिवशी आमच्या शेतावरून एक किलोमीटर उंचीने उतरणाऱ्या विमानाभोवती हवा असेल २३-२४ अंशांची. तेथे रेघ कशी उमटावी? तेच ११ किलोमीटर उंचीवर गेलो तर ७१ अंश वजा होतात आणि हवा उणे ४१ अंशांवर पोचते. १२ किलोमीटरवर उणे ४८. म्हणजे ज्या विमानतळाचे नाव घेऊन आपण 'विमानतळावर रेघा दिसतात' असे म्हणतो, त्या विमानतळाशी त्या विमानांचा बहुधा संबंधच नसतो. ती येथे उतरणारी नसतात, ती वरून निघून जाणारी असतात. नागपूर देशाच्या मध्यावर असल्याने दिल्लीहून दक्षिणेकडे आणि मुंबईहून कोलकात्याकडे जाणारे मार्ग ह्याच भागातून जातात. १९४९ साली रात्रीची टपाल-विमाने सुरू झाली तेव्हा चारही दिशांची विमाने मध्यरात्री सोनेगावला एकत्र येऊन थैल्या बदलीत असत. आता बहुतेक विमाने न थांबता वरूनच जातात.

हाच नियम उलट बाजूनेही पाहता येतो. अलास्कातील फेअरबँक्स ह्या शहरी हिवाळ्यात तापमान कधी कधी उणे ४० अंशांपर्यंत उतरते. तेथे मोटारींच्या नळीतून आणि घरांच्या धुराड्यांतून निघालेल्या बाष्पाचे जमिनीलगतच बर्फकण होतात आणि रस्त्यांवर बर्फाळ धुके साचते. अशा थंडीत उड्डाण करणाऱ्या विमानाची रेघ धावपट्टीवरच सुरू होऊ शकते. आमच्या वावरावरून जाणाऱ्या विमानाला रेघ हवी असेल तर विदर्भात तशी थंडी पडावी लागेल, आणि मग पऱ्हाटीची चिंता करण्यास कोणी उरणार नाही. पावसाळ्यातल्या दमट दिवशी उतरणाऱ्या विमानाच्या पंखांच्या टोकांशी पांढरे धागे क्षणभर दिसतात, हे खरे; पण ते इंजिनातून येत नाहीत. पंखाभोवती हवेचा दाब एकाएकी कमी झाल्याने हवा गार होऊन ते बनतात आणि लगेच विरतात.

थंडीने रेघ जन्मते; पण ती जगेल किती, हे ठरविणारी गोष्ट वेगळी आहे. कोणी पाहिले असेल, एखाद्या दिवशी विमानामागे बोटभर शेपूट असते आणि विमानाबरोबर तीही पुढे सरकते. दुसऱ्या दिवशी विमान दिसेनासे होऊन अर्धा तास झाला तरी रेघ तशीच. हळूहळू फुगते, पिंजते आणि शेवटी साऱ्या आभाळावर पातळ पडदा होऊन पसरते. विमाने तीच, थंडी तीच, तर फरक कशाचा? फरक त्या उंचीवरच्या ओलाव्याचा. बर्फाच्या पृष्ठभागावरून पाण्याचे रेणू सुटून जाणे द्रव पाण्यापेक्षा कठीण असते. त्यामुळे पाण्याच्या दृष्टीने जी हवा अजून अपुरी भरलेली असते, ती बर्फाच्या दृष्टीने काठोकाठ भरलेली असू शकते. उणे ४० अंशांना पाण्याच्या हिशेबाने सापेक्ष आर्द्रता सुमारे ६८ टक्के झाली की बर्फाच्या हिशेबाने ती १०० टक्के होते. ह्याहून अधिक ओल्या हवेत विमान शिरले तर त्याच्या रेघेतील बर्फकण विरत तर नाहीतच, उलट भोवतालचे बाष्प ओढून वाढतात. हवा त्याहून कोरडी असेल तर कण पुन्हा बाष्प होऊन जातात आणि शेपूट आखूड राहते. दीर्घकाळ टिकलेल्या रेघेतले बहुतेक पाणी विमानाचे नसतेच, ते आभाळाचेच असते. विमान फक्त विरजण घालते.

हा वरचा ओलावा कळतो कसा, ते पाहण्याची संधी आमच्या वर्गाला मिळाली. सोनेगाव विमानतळाच्या परिसरातच हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र आहे. तेथून रोज दोनदा, पहाटे आणि सायंकाळी साडेपाचच्या नोंदीसाठी, हायड्रोजन भरलेला मोठा फुगा सोडतात. फुग्याखाली दोरीला खाऊच्या डब्याएवढे एक यंत्र टांगलेले असते. ते वर जाता जाता दाब, तापमान व आर्द्रता मोजून रेडिओने खाली कळवीत राहते आणि पंचवीस-तीस किलोमीटरांवर फुगा फुटेपर्यंत त्याचे काम चालू असते. मला सर्वांत नवल वाटले ते ह्याचे की साऱ्या जगात अशी केंद्रे एकाच वेळी फुगे सोडतात. आमच्या शेतावरच्या आभाळात अकरा किलोमीटरवर किती थंडी आहे, हे रोज दोनदा कोणीतरी मोजून लिहून ठेवीत होते, आणि आम्ही पारावर बसून तर्क करीत होतो.

तेव्हापासून मी वसतिगृहाच्या गच्चीवरून रेघा पाहून वहीत टिपू लागले. माझ्या निरीक्षणाला शास्त्रीय म्हणणे धाडसाचे होईल, पण दोन-चार गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे डोळा फसतो. क्षितिजापासून ३० अंश वर दिसणारी रेघ जर ११ किलोमीटर उंचीवर असेल, तर ती आपल्यापासून आडव्या अंतराने जवळजवळ १९ किलोमीटर दूर असते. सोनेगाववर दिसते म्हणून मी लिहून ठेवलेल्या कित्येक रेघा प्रत्यक्षात पार वर्धा जिल्ह्याच्या वाटेवर असणार. दुसरी गोष्ट, एकाच सकाळी एका विमानाला रेघ असते आणि दुसऱ्याला नसते. ह्याचे कारण बहुधा उंची. आपण उष्ण कटिबंधात आहोत. आपल्याकडे दहा किलोमीटरवरची हवा रेघेला पुरेशी थंड नसते, बारा किलोमीटरवरची असते. युरोपात ही सीमा ह्याहून खाली येते. म्हणून आपल्याकडे जो वरून जाईल त्याचीच रेघ उमटण्याचा संभव अधिक. तिसरी गोष्ट गमतीची आहे. पुष्कळदा दोन-तीन रेघा अगदी समांतर, वहीच्या पानासारख्या दिसतात. विमाने एकामागून एक एकाच मार्गाने गेलेली असतात, पण हिवाळ्यात त्या उंचीवर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात आणि आधीची रेघ पूर्वेकडे सरकवून ठेवतात. म्हणजे आभाळात मार्ग एकच, रेघा तीन. विमान आणि रेघेची सुरुवात ह्यांत थोडी मोकळी जागा असते, तीही मला गच्चीवरूनच प्रथम दिसली. तप्त झोत गार होण्यास जो क्षणाचा अंश लागतो, तेवढ्यात विमान पुढे निघून गेलेले असते.

आता पारावरच्या मुख्य आरोपाकडे वळते. रेघा दिसल्या की पाऊस जातो, हे बाबांनी स्वतः पाहिलेले होते आणि मला ते खोटे म्हणावयाचे नाही. त्यांचे पाहणे खरेच आहे. फक्त कोणामुळे कोण, हे उलटे झाले. पाऊस असतो तेव्हा आभाळ खालच्या ढगांनी झाकलेले असते. त्या ढगांचा तळ बहुधा एक-दोन किलोमीटरवर असतो. वरून विमाने जातच असतात. त्यांच्या रेघा उमटल्या तरी आपल्याला त्या दिसणार कशा? पावसाने खंड दिला, मोसमी पावसाचा आस हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला, मध्य भारतातले आभाळ उघडले, की त्या दिसू लागतात. रेघांनी पाऊस पळविला नाही. पाऊस पळाला म्हणून रेघा दिसल्या. उलट पावसाळ्यात वरची हवा हिवाळ्यापेक्षा काही अंश उबदार असते, त्यामुळे रेघा एरवीपेक्षा कमीच उमटतात.

तरीही कोणी म्हणेल की थोडा तरी परिणाम होत असेल. म्हणून पाण्याचाही हिशेब केला. मध्यम आकाराचे दोन इंजिनांचे प्रवासी विमान उंचावर असताना दर किलोमीटरला साधारण तीन किलो इंधन जाळते. म्हणजे एक किलोमीटर लांब रेघेत विमानाने टाकलेले पाणी साडेतीन-चार लिटर, एक कळशीसुद्धा नाही. आणि एका एकरावर केवळ एक मिलिमीटर पाऊस पडावयाचा तर त्याला चार हजार लिटरांहून थोडे अधिक पाणी लागते. कळशीभर पाण्याने किंवा तेवढ्याच्या जोरावर जमलेल्या पातळ बर्फाने आमच्या वावराचा पाऊस अडविला, असे म्हणता येत नाही.

फवारणीची गोष्ट सर्वस्वी कल्पित नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आपल्या राज्यात विमानातून ढगांवर प्रयोग झालेले आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर येथून असे प्रयोग केले. पण त्यांचा उद्देश पाऊस वाढविता येतो का हे पाहण्याचा होता. ती विमाने लहान होती आणि ढगाच्या तळाजवळून उडत होती. त्यांचा उंचावरच्या पांढऱ्या रेघांशी काही संबंध नाही. अर्धी खरी गोष्ट मोबाइलवर पोचली की तिचे काय होते, त्याचे हे उदाहरण होय.

रेघा निरपराध आहेत, असे मात्र नव्हे. त्यांच्यावरचा आरोप वेगळा आहे. टिकून पसरलेली रेघ दिवसा थोडे ऊन परत पाठविते आणि दिवसरात्र पृथ्वीची उष्णता अडवून धरते. रात्री तर ती केवळ अडवितेच. एकंदरीत ह्या रेघांमुळे पृथ्वी तापते, आणि विमानांच्या कार्बन डायऑक्साइडइतकाच किंवा त्याहून अधिक वाटा त्यांचा असावा, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. अर्थात ह्या अनुमानात अनिश्चितता मोठी आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत तीन दिवस प्रवासी विमाने बंद होती. त्या काळात दिवस-रात्रीच्या तापमानातले अंतर नेहमीपेक्षा सुमारे एक अंशाने वाढले, असे डेव्हिड ट्रॅव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडले. ते दिवस मुळातच निरभ्र होते, म्हणून तसे झाले असावे, असे म्हणणारेही पुढे निघाले. वाद कसाही असो, पण ह्या रेघांची दखल आता ढगांच्या शास्त्राने घेतली आहे. जागतिक हवामान संघटनेच्या २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मेघसंग्रहात किमान दहा मिनिटे टिकलेल्या रेघेला स्वतंत्र नाव मिळाले: 'सिरस होमोजेनिटस'. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ माणसापासून जन्मलेला तंतुमेघ असा होतो.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा हे सारे मी बाबांना सांगितले. पाण्याचा हिशेब त्यांना लगेच पटला. कळशी आणि एकर ही दोन्ही मापे त्यांची रोजची आहेत. मिश्रणाचे गणित मात्र मी कागदावर मांडले ते त्यांनी ऐकून घेतले, एवढेच. पण हिवाळ्याविषयी मी जे बोलले ते त्यांनी बरोबर धरून ठेवले. हिवाळ्यात वायव्येकडून पश्चिमी विक्षोभ येतो तेव्हा पुष्कळदा आधी वरच्या थरांत ओल शिरते. खाली ऊन असते, आणि वर मात्र आखूड शेपटांच्या जागी लांबच लांब, पिंजणाऱ्या रेघा दिसू लागतात. कधी त्यामागून ढग येतात, कधी अवकाळी पाऊस किंवा गारपीटही होते, कधी काहीच होत नाही.

जानेवारीत एका दुपारी बाबांचा फोन आला. तुरीची गंजी खळ्यावर होती. "आज रेघा मोडून नाही राह्यल्या वं," ते म्हणाले, "पसरून राह्यल्या. झाकू का?" मी म्हणाले की रेघ म्हणजे वर ओल आहे एवढेच, पाणी येईलच असा नेम नाही. हवामान खात्याचा अंदाज पाहिला, त्यात विदर्भात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता सांगितली होती. तेही त्यांना कळविले. त्यांनी शेजाऱ्याची ताडपत्री मागून आणली आणि गंजी झाकली. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आले, पण पाणी पडले नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

"पाणी काही आलं नाही. पण आज सकाळी रेघा आखूड निंगाल्या, ते पायलं का तू?"

त्या दिवशी माझा अर्थशास्त्राचा चाचणी पेपर होता. मी वर पाहिलेच नव्हते.